ही जेवली का?

बुधवारी संध्याकाळी आमच्याकडे भाकरीची अंघोळ असते. कोमट पाणी, बिनवासाचा शाम्पू, मग जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं खसखसून पुसायचं. त्यानंतर मी चष्मा लावून तिच्या पायाशी बसते आणि एकेक नख कानशीनं घासते. नुसतं कापलेल्या नखाला धार राहते, म्हणून कानस. अठरा नखं. प्रत्येक नख घासून झालं की माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूवरून फिरवून बघते. टोचलं नाही, तरच पुढचं हातात घ्यायचं. म्हाताऱ्या माणसांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली असते, त्यात कितीतरी जणांना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असतात. जरासा ओरखडा गेला तरी जांभळा डाग पडतो आणि लवकर जात नाही.

गुरुवारी साडेतीनला आम्ही वृद्धाश्रमात जातो. चार वर्षं झाली.

भाकरी ही आमची गावठी कुत्री. २०१९च्या पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटरखाली सापडली, महिन्या-दीड महिन्याची असेल. अंग ज्वारीच्या भाकरीसारखं पांढुरकं आणि त्यावर तव्याला लागल्यासारखे तपकिरी डाग. आमच्या ह्यांनी तिला टॉवेलात गुंडाळून वर आणलं आणि म्हणाले, "ही बघ, भाकरी." नाव तिथंच पडलं.

वृद्धाश्रमाशी आमचं नातं माझ्या आत्यामुळे. करोनात आश्रमाचं फाटक महिनोन्‌महिने बंद होतं. मी बाहेर, आत्या आत, मध्ये लोखंडी गज. बोलायला विषयसुद्धा उरत नसत. एकदा भाकरीला बरोबर नेलं, तर तिनं गजातून तोंड आत घातलं आणि आत्या चक्क खाली बसली. गुडघे दुखतात म्हणून देवापुढेही न बसणारी बाई, फरशीवर. पुढच्या वेळी तिच्या मागे आणखी तिघं-चौघं उभे होते. फाटक उघडल्यावर व्यवस्थापकांनी स्वतःच विचारलं, आत आणाल का? आत्या पुढच्या वर्षी गेली. गुरुवार राहिला.

उचलली आणि नेली, असं मात्र झालं नाही. पुण्यातल्या एका प्रशिक्षकाकडे चार महिने गेलो. तिथं तिची परीक्षा म्हणजे पाठीमागे स्टीलचं ताट आपटणं, व्हीलचेअर अगदी अंगाजवळून नेणं, अनोळखी माणसानं कान धरून ओढणं, वॉकर ठकठक आपटत अंगावर येणं. ताटाच्या आवाजाला ती दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा दचकली, पण लगेच वळून ताटाचा वास घ्यायला गेली. प्रशिक्षक म्हणाले, "दचकू दे. सावरते किती लवकर, ते मी बघतो." जातिवंत कुत्राच लागतो, हा समज त्यांनीच माझ्या मनातून काढला. बाकी रेबीजची लस दरवर्षी, जंताचं औषध दर तीन महिन्यांनी, गोचीड तपासणी दर आठवड्याला. ही नोंदींची वही मी आश्रमाच्या कचेरीतच ठेवली आहे, कुणीही उघडून बघावी.

सुरुवातीला माझा एक नियम फार कडक होता. भाकरीला कुणीही काही खायला घालायचं नाही. कारण खरंच होतं. कांदा-लसूण कुत्र्यांना चालत नाही, चॉकलेट चालत नाही, आणि बेदाण्यानं तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. म्हाताऱ्या माणसाच्या कनवटीला तर लाडूतला बेदाणाच असायचा! म्हणून मी आल्या आल्या सगळ्यांना सांगून टाकायचे, "फक्त हात फिरवा हं, खायला काही नको."

दाराजवळच्या पलंगावर एक आजी होत्या. एका गुरुवारी भाकरी त्यांच्यापाशी गेली तसं त्यांनी पदराची गाठ सोडायला घेतली. बोटं संधिवातानं वाकडी, गाठ सुटेना. मी मदतीला वाकले. आत एक मारी बिस्किट होतं, सकाळच्या चहातलं वाचवून ठेवलेलं, एका कडेनं चुरा झालेलं. मी नेहमीच्या आवाजात म्हटलं, "आजी, नको, तिला चालत नाही." त्या काही बोलल्या नाहीत. बिस्किट पुन्हा पदरात ठेवलं आणि तितकाच वेळ घेऊन गाठ परत बांधली.

ती गाठ बांधणं मला रात्री झोपू देईना. मी वीज बिलाच्या खिडकीवर एकतीस वर्षं बसले आहे. माणूस देताना कसा असतो आणि मागताना कसा असतो, ते चेहऱ्यावरून कळतं मला. त्या आजींचा चेहरा देणाऱ्याचा होता, आणि मी तो परत पाठवला.

मग आश्रमाकडे त्या नजरेनं बघायला लागले. तिथं सगळं मिळतं. चहा वेळेवर, गोळ्या वेळेवर, अंघोळ ठरल्या वारी. कुणाच्या वाढदिवसाला गोड जेवण येतं, दिवाळीला साड्या येतात, थंडीत शाली येतात, देणारे फोटो काढून घेतात. त्या बायकांनी आयुष्यभर दहा-दहा माणसांना वाढलेलं, बापयांनी भावंडांची शिक्षणं केलेली. आता दिवसभरात त्यांच्याकडे कुणी काहीही मागत नाही. एक कप पाणीसुद्धा नाही. भाकरी मात्र मागते. ती समोर येऊन बसते, वर बघते, आणि तिच्या बघण्यात स्वच्छ मागणं असतं. उपचार, थेरपी, आधार हे शब्द मीही वापरते, पण मला विचाराल तर त्या खोलीत ती आणते ते हे मागणं. म्हाताऱ्या माणसाला पुन्हा कुणीतरी काहीतरी मागितलं पाहिजे.

ही गोष्ट माझ्या आधी फार जणांना कळली होती, हे नंतर वाचनात आलं. इंग्लंडात यॉर्क गावी विल्यम ट्यूक नावाच्या क्वेकर पंथाच्या व्यापाऱ्यानं १७९६ साली मनोरुग्णांसाठी एक घर उघडलं. अशा माणसांना साखळदंड घालण्याचा तो काळ. ट्यूकच्या त्या घराच्या अंगणात ससे होते, कोंबड्या होत्या, समुद्रपक्षी होते, ससाणेही होते, आणि रुग्णांनी त्यांच्याशी रमावं अशी मोकळीक होती. ज्याला सगळ्यांनी टाकलेलं, त्याच्या हातून सशाला पाला जातोय, हे चित्र मला फार आवडतं.

दुसऱ्या गुरुवारपासून मी डबा न्यायला लागले. बिनमिठाची ज्वारीची भाकरी, कडक भाजलेली, नखाएवढे तुकडे. प्रत्येकाच्या तळहातावर दोन-दोन. तिच्या वाट्याचं तेवढं जेवण घरी कमी करते. पहिला तुकडा मी दाराजवळच्या आजींना दिला. त्यांनी तो हातात धरला आणि मला म्हणाल्या, "आता चालतंय व्हय?"

खिडकीपाशी बसणाऱ्या आजींबद्दल मला जास्त लिहायचं आहे. त्या मंगळवेढ्याकडच्या. विस्मरणाचा आजार पुढे गेलेला, बोलणं जवळजवळ थांबलेलं, जेवताना घास हातानं बाजूला सारायच्या. पहिले काही आठवडे त्यांनी भाकरीकडे पाहिलंही नाही. मी आग्रह केला नाही. त्यांच्या खुर्चीशेजारी बसायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि उठायचं, एवढंच.

एके दिवशी त्या कोपऱ्यातून कुणीतरी हाक मारली, "भाकरी, इकडं ये!" आणि खिडकीच्या आजी वळल्या. म्हणाल्या, "कुणी थापली?"

मला काही सुचेना. भाकरी आपली त्यांच्या मांडीला पाठ टेकून उभी होती. आजींचा उजवा हात खाली आला आणि तिच्या पाठीवर पडला. तो हात कुरवाळत नव्हता. बोटं जुळलेली, तळवा जरासा उचललेला. एक थाप, लगेच पंजा किंचित फिरवून दुसरी, मग तिसरी, आणि हात हळूहळू मधून कडेकडे सरकत चाललेला. डावा हात कडेला, जणू काठ सांभाळतोय. परातीवर चालतो तसाच, त्याच ठेक्यात. मी लहानपणापासून आईचा तो ठेका ऐकत आलेय, त्यामुळे चुकायचा प्रश्नच नव्हता. भाकरी हलली नाही. तिचे कान सैल होते, डोळे अर्धे मिटलेले. मी श्वास धरून तिच्याकडेच बघत होते, कारण तिला नको झालं तर ते मला आधी कळायला हवं.

"तवा तापलाय का?" आजींनी विचारलं.

"तापलाय," मी म्हटलं.

थापून झाल्यावर त्यांनी हात झटकले, पीठ झटकतात तसे. मग तिच्या तोंडाकडे नीट बघून म्हणाल्या, "ही जेवली का?"

त्यांची लेक रविवारी येते. तिला मी हे फोनवर सांगितलं तर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमच्या घरात अकरा माणसं होती. आई सगळ्यांना हेच विचारायची, आणि सगळ्यात शेवटी जेवायची."

त्यानंतर प्रत्येक गुरुवारी तो प्रश्न यायचा. ही जेवली का? मी म्हणायचे, "नाही अजून, तुम्ही द्या." त्या तुकडा द्यायच्या. तिथल्या मावशींनी त्यातून एक युक्ती काढली. एक तुकडा भाकरीला, एक घास आजींना. तेवढ्या वेळात अर्धी वाटी वरणभात पोटात जायचा. शुक्रवारी पुन्हा घास बाजूला सारलेला. मी काही चमत्कार सांगत नाही. आजार जिथं होता तिथंच होता. आठवड्यातली वीस मिनिटं त्यांच्या हाताला काम होतं आणि तोंडात एक पूर्ण वाक्य होतं.

नावाची गंमत दुसऱ्या एका आजोबांनाही सापडली. माळकरी आहेत, आळंदीच्या वारीच्या कितीतरी खेपा झालेल्या. नामदेवांची भाकरी कुत्र्यानं पळवली आणि कोरडी खाऊ नकोस म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा ते तिला स्वतःला सांगतात, मान तिच्याकडे वाकवून. शेवटी म्हणतात, "इथं तर भाकरीच कुत्र्याच्या रूपानं आली, आता तूप कुठून आणू?" त्यांच्या पलीकडे बसणारे चाचा तिला हात लावत नाहीत. तिची लाळ लागली तर नमाजाआधी कपडे बदलावे लागतात. पण ते काठीच्या टोकानं चेंडू ढकलतात आणि ती तो परत आणून काठीपाशी ठेवते. हात न लावताही त्यांचं जे चाललेलं असतं ते बघायला बाकीचे खुर्च्या वळवून बसतात.

माझी पुतणी डॉक्टर आहे. ती विचारते, "काकू, पुरावा काय?" विचारायलाच हवं. अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात २४९ विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. काहींना दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना हात लावू दिला, काहींना नुसतं बघायला लावलं, काहींना प्राण्यांची चित्रं दाखवली, काहींना वाट बघायला सांगितलं. लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, हात लावणाऱ्यांमध्ये सगळ्यात कमी सापडलं. तिला हा पटला. मला स्वतःला न्यूयॉर्कच्या बोरिस लेव्हिन्सन या मानसशास्त्रज्ञाची हकिकत जास्त जवळची वाटते. त्यांच्याकडे येणारं एक मूल कुणाशी बोलत नव्हतं. एकदा ते वेळेआधीच आलं आणि लेव्हिन्सन यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा खोलीतच होता. तो थेट मुलाकडे गेला, आणि ते मूल त्याला बिलगलं. १९६१ साली लेव्हिन्सन यांनी हे मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेत मांडलं तेव्हा काहींनी हसण्यावारी नेलं. ते मागे हटले नाहीत. आज मुंबईच्या विमानतळावरसुद्धा घाबरलेल्या प्रवाशांसाठी असे कुत्रे असतात.

आता माझ्या हातून झालेली चूक. ती न लिहिता बाकीचं लिहिणं बरोबर नाही.

दोन वर्षांपूर्वी एका संस्थेनं मुलांच्या कार्यक्रमाला बोलावलं. मी हो म्हटलं. गेलो तर मोठा हॉल, स्पीकर, चाळीसेक मुलं, फोटो काढणारे, आणि पाहुणे यायचे म्हणून सगळे खोळंबलेले. भाकरीनं पाच मिनिटांत जांभई दिली. मग नाकावरून जीभ फिरवली. मग मान वळवून भिंतीकडे बघायला लागली, डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसायला लागलं. झोप आलेली नसताना दिलेली जांभई म्हणजे कुत्र्याचं "मला इथून ने" असतं, हे मला शिकवलेलं होतं. मला दिसत होतं. तरी मी थांबले, कारण पाहुणे जिन्यात होते आणि आयोजक "फक्त दोन मिनिटं" म्हणत होते. तेवढ्यात एका मुलानं प्रेमानं मागून तिच्या गळ्याला मिठी मारली. ती गुरगुरली. खालच्या आवाजात, एकदाच. चावली नाही, दातही दाखवले नाहीत. पण ते पोर इतकं घाबरून रडलं की त्याचा आवाज अजून कानात आहे. त्या मुलाचं काही चुकलं नव्हतं आणि भाकरीचं तर अजिबातच नाही. तिनं चार वेळा सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

तेव्हापासून स्टेज, स्पीकर, पाहुणे काही नाही. पंचेचाळीस मिनिटं झाली की निघायचं, मग समोर कुणीही असो. आणि जायचं की नाही ते ती ठरवते. गुरुवारी मी तिचा केशरी रुमाल हातात घेऊन दाराशी उभी राहते. बहुतेक वेळा ती धावत येऊन मान पुढे करते. नाही आली, पलंगाखालीच राहिली, तर मी रुमाल घडी करून ठेवते आणि आश्रमात फोन करते. आजवर अकरा वेळा असं झालं.

अशा गुरुवारी संध्याकाळपर्यंत माझा फोन वाजत राहतो. तिला काय झालंय? पोट बिघडलं असेल, ताक द्या. उन्हाचं झालं असेल, डोक्यावर ओलं फडकं ठेवा. माळकरी आजोबांनी तर एकदा कचेरीतल्या मुलाकडून निरोप लिहून पाठवला होता, हिंग पोटावर चोळावा. मी हिंग चोळला नाही, पण ती चिठ्ठी लसीच्या वहीत चिकटवून ठेवली आहे.

खिडकीच्या आजी या श्रावणात गेल्या. लोक मला विचारतात, भाकरीनं त्यांना शोधलं का? नाही. ती खुर्चीपाशी थांबली, वास घेतला आणि पुढच्या पलंगाकडे गेली. नसलेलं काही मी तिच्या नावावर लिहिणार नाही. खुर्चीपाशी थोडा वेळ मीच बसले. डब्यातले दोन तुकडे त्या दिवशी उरले.

आश्रमाच्या स्वयंपाकघरातल्या मावशींना भाकरीची भीती वाटते. वाईजवळच्या खेड्यात लहानपणी कुत्रं चावलं होतं, तेव्हाची पोटातली चौदा इंजेक्शनं. ती जुनी लस आपल्याकडे २००४च्या अखेरीस बंद झाली, आता दंडात घेतात, पण पोटानं ऐकलं पाहिजे ना. मी त्यांना "काही करत नाही हो ती" असं कधीच म्हटलं नाही. घाबरलेल्या माणसाला ते वाक्य फार लागतं. फक्त लसीची वही दाखवली. त्यांनी बाटलीवरचं चिकटवलेलं लेबल बोट ठेवून वाचलं, तारीख वाचली, आणि वही परत दिली. चार वर्षं आम्ही आलो की त्या स्वयंपाकघराचं अर्धं दार लावून घेत आल्या.

मागच्या गुरुवारी निघायच्या वेळी ते दार उघडलं. मावशींच्या हातात ताटली होती, हात पूर्ण लांब केलेला. ताटलीत अख्खी भाकरी, चार तुकडे करून गार केलेली.

"मीठ नाही घातलं," त्या म्हणाल्या.

ताटली फरशीवर ठेवली आणि तीन पावलं मागे जाऊन त्यांनी दाराची चौकट धरली. भाकरीनं माझ्याकडे पाहिलं. मी "घे" म्हटलं. ती खाली बसून खायला लागली, नेहमीसारखी, एका बाजूच्या दाढेनं. मावशी चौकट न सोडता तिच्या तोंडाकडे बघत होत्या. मग पदराला हात पुसत मला म्हणाल्या, "जेवून निघाली होती का ही, का उपाशीच आणली?"